ड्रॅम : काळ्या दारूचे एक जुने माप

जुन्या छर्ऱ्यांच्या बंदुकांचा अभ्यास करणारास बंदुकीपेक्षा तिचे काडतूसच अधिक कोड्यात पाडते. बंदूक लोखंडाची, ती टिकते. काडतूस कागदाचे, ते उडाले की संपले. एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडमध्ये त्यात काय व किती भरीत, हे जाणण्यासाठी व्यापाऱ्यांच्या याद्या, नळीवरील ठसे आणि दारू भरण्याची मापे यांचाच आधार घ्यावा लागतो. या साधनांत एक शब्द वारंवार भेटतो. तो म्हणजे ड्रॅम.

ड्रॅम हा औंसाचा सोळावा भाग, सुमारे १.७७ ग्रॅम. बारा बोअरच्या बंदुकीत तीन ड्रॅम दारू व एक पूर्णांक एक अष्टमांश औंस छर्रे भरण्याचा प्रघात होता. दारू म्हणजे अर्थात काळी दारू. तिच्यात शेकडा ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा व १० भाग गंधक असे. (इंग्लंडला लागणारा सोरा बराचसा बिहारमधून जाई.) ती जळली असता निम्म्याहून अधिक पदार्थ घनरूपच राहतो. त्यातील काही धुराच्या रूपाने बाहेर पडतो, उरलेला नळीस चिकटतो.

ही दारू बहुधा तराजूत तोलीत नसत. ड्रॅमच्या खुणा असलेल्या लहान पात्राने मापीत. पुढील अनर्थाचे मूळ येथेच आहे. १८६४ च्या सुमारास प्रशियातील शुल्ट्झे याने लाकडावर नत्राम्लाची क्रिया करून नवी दारू तयार केली. तिचे वजन काळ्या दारूच्या सुमारे निम्मे. पण ती जुन्याच पात्राने मापता येत असे. १८८७ मध्ये आल्फ्रेड नोबेलने बॅलिस्टाइटचे पेटंट घेतले. ही दारू घट्ट व फार जोरकस. तेच पात्र तिने भरले, तर नळी फुटून हात जाण्याचीच भीती.

म्हणून कारखानदार खोक्यांवर ‘तीन ड्रॅमशी समतुल्य’ असे छापू लागले. आत तीन ड्रॅम दारू आहे, असा त्याचा अर्थ नव्हे. तीन ड्रॅम काळी दारू छर्ऱ्यांना जो वेग देईल तो हे काडतूस देते, एवढेच त्यातून कळते. शिवाय वेग समान असला तरी नळीतील दाब समान असेलच असे नाही. इंग्लंडमध्ये १८९६ च्या नियमांनी नव्या दारूच्या चाचणीसाठी निराळे ठसे ठरविण्यात आले, ते याच कारणाने. मात्र शंभर वर्षांच्या गंजाने झिजलेल्या नळीच्या बाबतीत तो ठसाही हमी देऊ शकत नाही.

न उडालेले काडतूस हाती आल्यास ते फोडण्याचा मोह आवरावा. जुनी टोपी अजूनही पेटू शकते. क्ष-किरणचित्रात दारूच्या थराची उंची दिसते व तीवरून आकारमान काढता येते. पण काळी दारू आणि शुल्ट्झेची दारू एकाच पात्राने मापीत असल्यामुळे चित्रात त्या सारख्याच दिसतात. उडालेले रिकामे काडतूस या बाबतीत अधिक बोलके ठरते. त्याच्या काजळीत पोटॅशियमचे कार्बोनेट व सल्फेट विपुल सापडले, तर त्यात काळी दारू होती असे मानण्यास बळकट आधार मिळतो.