अखंड चालणाऱ्या सर्व्हरवरील सॉफ्टवेअर कसे बदलावे?

प्रश्न : दोषसहिष्णू सर्व्हरमध्ये प्रत्येक भाग दुहेरी असतानाही ऑपरेटिंग सिस्टिम अद्ययावत करताना सेवा का थांबवावी लागते आणि हा खंड कमीत कमी कसा ठेवता येतो?

उत्तर : दोषसहिष्णू सर्व्हर म्हणजे एखादा भाग निकामी झाला तरी काम न थांबवणारे यंत्र, उदाहरणार्थ, स्ट्रेटस कंपनीच्या एफटीसर्व्हरमध्ये प्रोसेसर व मेमरीचे दोन संच एकाच वेळी एकच सूचना पार पाडतात, त्यामुळे एक बंद पडल्यास दुसरा काम तसेच पुढे नेतो. मात्र दोन्ही संचांवर ऑपरेटिंग सिस्टिमची एकच प्रत चालत असल्याने हे दुहेरीपण यंत्रसामग्रीतील बिघाडापुरतेच उपयोगी ठरते; ती प्रत अद्ययावत करून पुन्हा सुरू करायची झाल्यास दोन्ही संचांवरील सेवा एकदमच थांबते.

यावर विभाजन हा उपाय आहे : सर्व्हरचे तात्पुरते दोन स्वतंत्र भाग केले जातात, त्यांपैकी एक सेवा देत राहतो आणि दुसऱ्यावर नवे सॉफ्टवेअर बसवून, तो पुन्हा सुरू करून चाचण्या घेतल्या जातात. त्यानंतर जुन्या बाजूची अ‍ॅप्लिकेशने थांबवून, दरम्यान बदललेली माहिती नव्या बाजूला नेऊन ती तिथे सुरू करण्यापुरताच खंड पडतो. शेवटी दोन्ही भाग जोडून डिस्कच्या प्रती समान केल्या जातात.

विभाजनाच्या काळात दोषसहिष्णुता उरत नाही, हे व्यवस्थापकांनी कधीही विसरू नये. म्हणून कमी वर्दळीची वेळ निवडावी, बॅकअप आधीच तपासून ठेवावा आणि माघार घ्यायची असल्यास तो निर्णय विलीनीकरणापूर्वीच घ्यावा, कारण जुनी प्रणाली तोपर्यंतच शाबूत असते.