चार घरं आणि वयाचा हिशेब

नवी सांगवीत राहून मी रोज रात्री ‘द सिम्स ४’ हा गेम खेळते. त्यात मी चार कुटुंबं वसवली आहेत: आमचं, मावशीचं, शेजारच्या काकांचं आणि जुन्या सांगवीतलं आजोळ. ऑक्टोबर २०२२ मध्ये मूळ गेम फुकट झाला, तेव्हापासून चुकत चुकत जे कळलं ते सांगते.

१. वयाचं आधी ठरवा.
२००० सालच्या पहिल्या ‘सिम्स’मध्ये शाळेतली मुलं मोठीच होत नसत. २००४ च्या दुसऱ्या भागात माणसं म्हातारी होऊ लागली, पण आपण खेळू त्याच घरातली. चौथ्या भागात निवड आपल्या हाती आहे: खेळत्या सगळ्या घरांचं वय वाढू द्यायचं, कुणाचंच नाही, की फक्त चालू घराचं. मी चालू घराचं निवडलं आणि आमच्याच घरात रमले. माझ्या सिमचं, म्हणजे गेममधल्या माझ्या माणसाचं, लग्न झालं, तरी तिच्याच वयाची मावसबहीण अजून शाळेत होती.

२. घरांना पाळी लावा.
नेहमीच्या वेगात सिमचं एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद. त्यांचा दिवस २४ मिनिटांचा, आठवडा २ तास ४८ मिनिटांचा. आता मी प्रत्येक घराला एकच आठवडा देते आणि मग पुढच्या घरी जाते. बहिणी बरोबरीनं वाढतात.

३. वही ठेवा.
घर सोडताना दोन ओळी लिहा. माझ्या वहीत आहे: ‘काकांकडे नळ गळतोय, धाकटीचा गृहपाठ राहिलाय.’ तीन आठवड्यांनी परतल्यावर तिथूनच धागा सापडतो.

४. शेजाऱ्यांना मोकळं सोडा, घरच्यांना नाही.
२०२२ पासून ‘नेबरहूड स्टोरीज’मुळे आपण खेळत नसलेल्या घरांतही नोकऱ्या बदलतात, मुलं येतात, बिऱ्हाडं हलतात. ही सोय घरागणिक चालू-बंद करता येते. नात्यातल्या घरांसाठी ती बंद ठेवा, बाकीच्या वस्तीसाठी चालू. वस्ती जिवंत राहते आणि आपली माणसं आपल्याला विचारल्याशिवाय कुठे जात नाहीत.

५. म्हातारपण उरकू नका.
आजोळची पाळी होती. मला पुढच्या घरी जायची घाई, म्हणून तीन नंबरच्या जलद वेगात आठवडा ढकलत होते. आजीची वयाची पट्टी भरलेली मी पाहिलीच नाही. ती वाफ्यातल्या टोमॅटोंना पाणी घालत होती, तेवढ्यात काळ्या झग्यातला यम आला. मागे थडगं उरलं. तिच्या शेवटच्या आठवड्यात नातवंडं तिच्याशी एकदाही बोलली नव्हती. मीच त्यांना तिच्याकडे पाठवलं नव्हतं.

आयुर्मान ‘लाँग’ करून मरण नुसतं लांबतं, टळत नाही. म्हणून एवढंच सांगते: ज्या घरात म्हातारं माणूस आहे, त्या घराची पाळी एक नंबरच्या वेगातच खेळा.