एकुलतं एक मूल आणि पहिलीची घाई

“ताई, जन्मतारीख थोडी मागची लिहिली तर चालेल का?” अंगणवाडीच्या दारात एका आईने मला विचारले. मुलगा एकुलता एक, जन्म जानेवारी २०२१ चा. शेजारणीचा डिसेंबर २०२० चा मुलगा २०२६ च्या जूनमध्ये पहिलीला बसणार आणि आपला मागे राहणार, ही तिची खंत. दोघांत अंतर पाच आठवड्यांचे.

आपल्या राज्यात पहिलीसाठी त्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत सहा वर्षे पूर्ण व्हावी लागतात. म्हणून शेजारणीचा बसतो, हिचा नाही. “एकच आहे हो, त्याचं वर्ष वाया जायला नको,” ती म्हणाली.

वर्ष वाया जात नाही, बायांनो. पाचव्या वर्षी मनगटातली काही हाडे अजून कूर्चेचीच, म्हणजे मऊ असतात. पेन्सिल लवकर दुखवते, अक्षर ओळीबाहेर जाते, आणि आपण म्हणतो पोरगं आळशी आहे. घाईने बसवलेली मुले सकाळी पोट दुखतं म्हणतात, सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते. दुखणे फक्त शाळेच्या दिवशी असेल तर बहुतेक ते भीतीचे. तरी लघवी करताना जळजळ, ताप असेल तर दवाखाना गाठा. फळ्यावरचे दिसत नाही, हाक ऐकू येत नाही, अशीही मुले ‘ढ’ ठरलेली मी पाहिली आहेत. डोळे-कान तपासून घ्या.

एकुलते मूल हट्टी, आपमतलबी निघते असे सगळे म्हणतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ टोनी फाल्बो यांनी अशा मुलांचा अनेक वर्षे अभ्यास केला. स्वभावात ती इतरांहून फारशी वेगळी आढळली नाहीत. अडचण वेगळीच असते. घरात मोठे भावंड नसल्याने माप शेजारच्या पोराचे लावले जाते. दुसरीकडे पाच वर्षांच्या मुलाला आई भरवते, चप्पल घालते, खेळात मुद्दाम हरते. तो घरात कधी हरतच नाही! मिळालेल्या वर्षात अंगणवाडीत नेमाने पाठवा, गल्लीतल्या मुलांत खेळू द्या, डबा स्वतः उघडू द्या. शू लागली हे बाईंना न लाजता सांगता आले पाहिजे.

तारखेशी मात्र खेळू नका. माझ्या पिढीत कितीतरी जणांचा जन्म गुरुजींनी १ जूनचा लावला. एकदा चुकीची तारीख चढली की ती शाळा सोडल्याच्या दाखल्यावर, दहावीच्या प्रमाणपत्रावर, नोकरीच्या अर्जावर मागे येते. दुरुस्तीला कचेऱ्यांचे हेलपाटे.

जन्मदाखला नसेल तर घाबरू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. दवाखान्याची किंवा नर्सबाईंच्या वहीतली नोंद, अंगणवाडीची नोंद, तीही नसेल तर पालकांचे लेखी निवेदन चालते. कामाच्या गावी फिरताना शाळा राहून गेलेल्या आठ-नऊ वर्षांच्या मुलाला पहिलीत नव्हे, वयाच्या वर्गात बसवायचे आणि मागचे शिकवून घ्यायचे, हेही त्याच कायद्यात आहे.

आणि पाच ते सहा वर्षांमधला डीपीटीचा दुसरा बूस्टर राहिला असेल तर शाळेच्या आधी घ्या. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो, लसीचे कार्ड सोबत न्या.