कंटेनरचा खर्च बाबवार मागा

सांगलीकडील द्राक्षांचे कंटेनर पुनावळ्यावरून न्हावाशेव्याला जातात. भाडे मात्र आपण एकरकमी ठरवतो. समजा, १२ टनांच्या कंटेनरवर ६,००० रुपये जादा पडले, तर किलोमागे ५० पैसे गेले.

मोठ्या बंदरांच्या दरांसाठी १९९७ साली केंद्रीय प्राधिकरण नेमले होते. २०२१ च्या कायद्याने दर ठरविण्याचा अधिकार बंदर मंडळांकडे व नव्या प्रकल्पांत खासगी चालकांकडे गेला. म्हणून सर्वत्र एकच दर गृहीत धरू नये. वाहतूकदाराकडून पुढील बाबी स्वतंत्रपणे लेखी घ्याव्यात :

१) भाडे व टोल
२) टर्मिनल हाताळणी
३) शीत-कंटेनरचा वीज आकार
४) खोळंबा आकार

हे दर टर्मिनल व जहाज कंपनीच्या दरपत्रकाशी ताडून पाहावेत. खोळंब्याचा खर्च कोणी सोसायचा, हे माल भरण्यापूर्वीच ठरवावे. मूळ पावत्या पाहूनच पैसे चुकते करावेत.