फाईल पुसण्याआधी तिची तारीख पाहा

घरच्या कॉम्प्युटरवर अनोळखी फाईली वाढू लागल्या की लोक एकतर सरसकट डिलीट मारतात, नाहीतर दुकानात नेऊन फॉरमॅट करून आणतात. माझा आक्षेप दोन्हींना आहे. मशीनला काय झालं याची नोंद बऱ्याचदा त्या फाईलींमध्येच असते. ती न वाचता पुसली, तर दुखणं आत तसंच राहतं.

आपल्या गोंदिया जिल्ह्याचंच घ्या. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचा औष्णिक वीजप्रकल्प आहे, तरी वळवाच्या वादळात देवरी-सालेकशाच्या जंगलपट्ट्यात तारेवर फांदी पडली की लाइन जाते. लॅपटॉपला बॅटरी तारून नेते, पण डेस्कटॉप डिस्कवर लिहिता लिहिताच बंद पडतो. लाइन आल्यावर विंडोज कधीकधी स्वतःहून चेकडिस्क चालवतं. त्यात जे तुकडे कोणत्या फाईलचे हे लागत नाही, ते ‘फाउंड.०००’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरमध्ये जमा होतात. आत ‘फाइल००००.सीएचके’ अशी नावं दिसतात. पुढच्या खेपेला ‘फाउंड.००१’ तयार होतो. पेनड्राइव्ह न थांबता उपसण्याची सवय असेल, तर हेच फोल्डर त्याच्यावरही सापडतात. आता या फोल्डरची तारीख पाहा आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या सिस्टिमच्या नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ शोधा. मशीन रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झालं की ही नोंद पडते. दोन्ही तारखा जुळल्या, तर संशय विजेवर घ्यावा आणि पहिला खर्च यूपीएसवर करावा. फोल्डर वाढताहेत पण ४१ ची नोंदच नाही, तर डिस्क किंवा तिची केबल खराब होत असण्याची शक्यता मोठी. तेव्हा चेकडिस्क पुन्हा पुन्हा चालवू नका. मरायला टेकलेल्या डिस्कवर तो ताण महागात पडतो. आधी फोटो, सातबाऱ्याचे स्कॅन, मुलांच्या मार्कशीट दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या. दुकानातलं फॉरमॅट नेमका हाच पुरावा पुसून टाकतं, आणि डिस्क मात्र तीच राहते.

जागाच उरली नाही तर काय करायचं, असं कुणी विचारेल. अडचण खरी आहे. पण जागा खाणाऱ्या मोठ्या फाईली बहुधा वेगळ्याच असतात. ‘हायबरफिल’ ही हायबरनेशनची फाईल आहे. ती सोय बंद केली की फाईल आपोआप जाते. ‘पेजफाइल’ रॅमला हातभार लावते, तिला हात लावू नये. ‘विनएसएक्सएस’ फोल्डर दिसतो तेवढा मोठा नसतो, कारण त्यातल्या बऱ्याच फाईली दुसरीकडेही त्याच जागेवर बोट ठेवून असतात आणि दोनदा मोजल्या जातात. सफाई विंडोजच्या डिस्क क्लीनअपमधूनच करावी. सीएचके तुकडेसुद्धा हरवलेलं काही नाही याची खात्री झाल्यावर पुसायला हरकत नाही. त्यात एखादा फोटो असेल, तर प्रतीचं एक्स्टेंशन जेपीजी केल्यावर तो कधीकधी उघडतो.

व्हायरसची शंकाही रास्त आहे. झेरॉक्सच्या दुकानातून फिरून आलेल्या पेनड्राइव्हने शॉर्टकट व्हायरस घरी येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिथेही नावापेक्षा जागा पाहावी. ‘एसव्हीसीहोस्ट’ हे नाव विंडोजच्या सिस्टिम३२ मध्ये असणं स्वाभाविक आहे. तेच डाउनलोड्समध्ये दिसलं, तर अँटीव्हायरसने पूर्ण स्कॅन करा. नुसत्या नावाला भिऊन काय होतं, हे २००१ साली जगाने पाहिलं. ‘सल्फएनबीके’ हा व्हायरस आहे, लगेच पुसा, असा ई-मेल पसरला आणि असंख्य लोकांनी विंडोजची स्वतःची, लांब नावं सांभाळणारी फाईल आपल्या हाताने उडवली. पुढच्याच वर्षी अस्वलाचं चित्र असलेल्या ‘जेडीबीजीएमजीआर’ फाईलबाबत तेच घडलं. आज असे निरोप व्हॉट्सॲपवर येतात. असा निरोप आला, तर फाईल कुठे आहे आणि कोणत्या तारखेची आहे एवढं पाहिल्याशिवाय डिलीट दाबू नका, आणि निरोप पुढेही पाठवू नका.