बालवर्गाची खोली : मुलाच्या उंचीवरून

जून महिन्यात शाळा उघडतात, तेव्हा बालवर्गाच्या दारात एक देखावा बहुतेक गावी दिसतो. आईचा पदर घट्ट धरून मूल उंबऱ्याशी उभे असते आणि आत यावयास तयार नसते. अशा वेळी त्यास उचलून आत घेणे व दार लोटणे हा उपाय सोपा वाटतो. परंतु त्या दिवशी रडून थकलेले मूल दुसऱ्या दिवशी गोठ्यामागे दडून बसते, आणि पुढे हजेरीपटावर त्याचे केवळ नाव उरते. मूल शाळेस का भ्याले, याचे उत्तर पुष्कळदा मुलात नसून खोलीत असते.

ती खोली शिक्षकाने एकदा मुलाच्या जागेवरून पाहावी. शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी मुलांच्या बस्करावर बसावे व सभोवार नजर टाकावी. पाच वर्षांचे मूल साधारणतः साडेतीन फूट उंच असते. बसल्यावर त्याची दृष्टी जमिनीपासून दीड फुटाच्या आसपास राहते. तेथून तसबिरी आढ्यालगत दिसतात, फळा डोक्यावर येतो, खुंटीपर्यंत हात पोचत नाही, आणि पाण्याचा माठ उंच घडवंचीवर असतो. येथे प्रत्येक गोष्टीसाठी मोठ्या माणसांची विनवणी करावी लागेल, असेच ही मांडणी मुलास सांगते.

यात पालट करण्यास फारसा खर्च येत नाही. भिंतीचा खालचा दोन-अडीच फुटांचा पट्टा काळा रंगविला की प्रत्येक मुलास स्वतःचा फळा मिळतो. चित्रे उभ्या मुलाच्या डोळ्यांसमोर, म्हणजे तीन-सव्वातीन फुटांवर लावावीत. खुंट्या खाली आणाव्यात व प्रत्येकीशी नावाऐवजी एक चित्र चिकटवावे : एकीशी बैल, एकीशी कणीस, एकीशी मोर. अक्षर न येणारे मूलही आपली जागा ओळखते. माठ लहान असावा व ठेंगण्या पाटावर ठेवावा. पाणी सांडेल, तेव्हा जवळच एक फडकेही टांगून ठेवावे, आणि सांडलेले पाणी पुसणे हाही पाठच समजावा.

साधने नाहीत ही तक्रार नेहमीची आहे. ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासमवेत माँटेसरी पद्धतीचे काम केले होते. त्या पद्धतीची साधने महाग. खेड्यास ती परवडणारी नव्हती. १९४५ मध्ये बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू झाले, तेव्हा त्यांनी व अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, पाने, बिया अशा आसपासच्या वस्तूंनाच साधनांचे स्थान दिले. मुलांच्या ओळखीच्या वस्तू वर्गात आल्याने काटकसर तर झालीच. पण परक्या खोलीत घरचे काही दिसले की मुलाचा धीर वाढतो, हा लाभ त्याहून मोठा आहे. मात्र बिया निवडताना सावध राहावे. गुंज व एरंड यांच्या बिया विषारी आहेत. त्या कितीही सुंदर दिसल्या तरी वर्गात आणू नयेत. लहान मुले चिंचोके, हरभरे नाकात व कानात घालतात. म्हणून अशा वस्तू शिक्षकाच्या देखत द्याव्यात व मोजून परत घ्याव्यात.

शिक्षकाची भाषा हाही खोलीचाच भाग होय. मुलाने वस्तूस घरचा शब्द वापरला, तर तो चुकीचा ठरवू नये. आधी त्याचा शब्द घ्यावा, मग पुस्तकातला जोडीस द्यावा. पहिल्या महिन्यात ‘असे म्हणू नये’ हे वाक्य जितके कमी उच्चारले जाईल तितके मूल अधिक बोलेल. रडणाऱ्या मुलाची आजी चार दिवस वर्गात बसली, तरी शिस्तीस बाध येत नाही. तिला निवडण्यास मूठभर शेंगा द्याव्यात. दोन-चार मुले आपोआप तिच्याभोवती जमतात.

हा विचार केवळ अंगणवाडीपुरता नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० ने तीन ते आठ ही वयाची वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात घेतली आहेत. तेव्हा पहिली-दुसरीच्या शिक्षकांनीही आपली खोली याच दृष्टीने पाहणे प्राप्त आहे.

एक प्रश्न मात्र खुंट्या खाली आणून सुटत नाही. कडेवर भावंड घेऊन येणारी सात वर्षांची मुलगी ‘त्याला घरी ठेवून ये’ असे ऐकून दारातून परत फिरते, आणि घरी ठेवावयास कोणी नसल्याने ती पुन्हा येत नाही. १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर वारली वस्तीत काम करताना ताराबाई व अनुताई यांच्यापुढे हाच प्रश्न उभा राहिला. त्यांनी पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा एकत्र आणून ‘विकासवाडी’ उभी केली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेली. एकशिक्षकी शाळेस एवढे जमणार नाही. तरीही जवळच्या अंगणवाडीच्या ताईंशी बोलून भावंडाची तेथे सोय होते का, हे पाहता येईल. ते फारच लहान असेल, तर गावातील एखाद्या आजीबाईस विनंती करून ओसरीवर झोळी बांधता येईल. झोळी मुलीच्या जागेपासून दूर असावी व तिची दोरी आजीबाईंच्या हाती असावी. नाही तर दोरी ओढण्यातच त्या मुलीचा सारा दिवस जावयाचा.