उद्घाटनाला नको, आखणीला बोलवा

मला लहानपणी पोलिओ झाला. डाव्या पायाला कॅलिपर, बगलेत कुबडी आणि लांब जायचं तर हातानं चालवायची तीनचाकी. जालना जिल्ह्यातल्या धुळीतून आणि चिखलातून हे सगळं ओढत पन्नाशी गाठली. त्यामुळे कुठं ‘निसर्ग पायवाट’ झाली म्हटलं की माझी नजर झाडांआधी फाटकाकडे जाते.

आपल्याकडे लोकांनी मनावर घेतलं तर कामं होतात. निजामकाळातल्या घाणेवाडी तलावाचा गाळ जालनेकरांनी वर्गणी काढून उपसला. त्याच हौसेनं आता गावोगावी टेकड्यांवर झाडं लागतात, तळ्याकाठी वाटा निघतात. अशाच एका गावच्या वाटेच्या उद्घाटनाचं मला आमंत्रण होतं. हार-नारळ झाले आणि तोंडाशीच माझी तीनचाकी अडकली. मोटारसायकली आत शिरू नयेत म्हणून तिथं नागमोडी लोखंडी पाइप रोवले होते. “दादा, तुम्ही कशाला तकलीफ घेता? सावलीला बसा, आम्ही फोटो काढून आणतो,” एक कार्यकर्ता म्हणाला. पोरगं मनानं चांगलं होतं. पण झाडांचे फोटो घरी मोबाइलवरही दिसतात.

कुबडी घेऊन मी आत गेलो. मुरूम नुसता पसरला होता, दबाई नव्हतीच. कुबडीचं टोक दर पावलाला रुतायचं. बरोबरच्या अंध मास्तरांच्या कपाळाला बाभळीची फांदी लागली. काठी जमिनीवरचा दगड सांगते, डोक्यावरची फांदी नाही, असं ते रक्त पुसत शांतपणे म्हणाले. गुडघे धरलेल्या दोन मावश्या बसायला काही नाही म्हणून अर्ध्यातून परतल्या. बायकांसाठी शौचालयही नव्हतं. ते कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

फाटकाचा प्रश्न सगळ्यात अवघड. जिथून व्हीलचेअर जाते तिथून मोटारसायकलही जाते, दोन्हींच्या रुंदीत फारसा फरक नाही. म्हणजे पाइप जवळ रोवून मोटारसायकल थांबणार, पण तिच्याबरोबर आम्हीही. तिथं निदान 90 सेंटीमीटरची सरळ मोकळी जागा हवी, तीनचाकी येणार असेल तर त्याहून जास्त. मोटारसायकलवाल्यांना अडवायचं काम माणसांनीच करावं लागतं: सकाळ-संध्याकाळ कुणीतरी लक्ष ठेवायचं, दंड ठरवायचा आणि तो सरपंचाच्या पुतण्याकडूनही वसूल करायचा. हे पाइप रोवण्यापेक्षा कठीण आहे, मान्य.

रॅम्पचं गणित गवंड्याला आधीच समजावून सांगा. चढ 1:12, म्हणजे एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी. आपला गवंडी ते चार-पाच फुटांत उरकतो, वर गुळगुळीत फरशी बसवतो. तिथं खुर्ची मागं उलटते. मुरूम पाणी मारून रोलरनं दाबा, वर बारीक कच पसरून पुन्हा दाबा. आपली काळी माती तशीच ठेवली तर पहिल्याच पावसात चाकांना धरते. पावसाळा सरला की सराटे वाळतात, हवेचे टायर फुटतात. तेव्हा आठवड्यातून एकदा वाट झाडून घ्यावी लागते. फांद्या सात फुटांपर्यंत छाटा. बाकांना हात असू द्या, नाहीतर गुडघेदुखीच्या माणसाला उठता येत नाही. एका बाजूला कमरेइतकी दोरी बांधली आणि तिच्या कडेनं तुळस, निर्गुडी, कढीनिंब लावले, तर मास्तर एकटे फिरतील, पानं चुरगाळून झाडं ओळखतील. दिल्लीतलं ‘गार्डन ऑफ फाइव्ह सेन्सेस’ 2003 पासून गंध, स्पर्श अशा पाचही संवेदनांच्या कल्पनेवर उभं आहे. आपल्याला त्यातली एक दोरी पुरे.

आणि देखभाल. चेन्नईच्या मरिना किनाऱ्यावर नोव्हेंबर 2022 मध्ये व्हीलचेअरसाठी समुद्रापर्यंत लाकडी वाट झाली, आणि डिसेंबरच्या वादळात तिची मोडतोड झाली. त्यांनी ती पुन्हा दुरुस्त केली. आपल्याकडे एक पाइप वाकला तर पुढच्या उद्घाटनापर्यंत तसाच राहतो.

पैसा नाही, हे कारण अर्धंच खरं. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा आहे. सुगम्यतेचे निकष केवळ शिफारस म्हणून चालणार नाहीत, ते सक्तीचे हवेत, असं सर्वोच्च न्यायालयानं 8 नोव्हेंबर 2024 रोजी सांगितलं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. येत्या ग्रामसभेत ते कुठं खर्च झाले, हे विचारा. हिशेब मिळेपर्यंत खाली बसू नका. आणि नवी वाट काढणार असाल तर चुन्याची फक्की मारायच्या आधी गावातला एक कुबडीवाला, एक अंध माणूस, एक गरोदर बाई आणि एक सत्तरीची आजी यांना त्या जागेवरून चालवून बघा. ते जिथं थांबतील तिथं खुंटी ठोका आणि काम तिथून सुरू करा.